माशाची सुरी आणि मनगटाचा जोर

ज्या मुलखात दिवस उजाडण्यापूर्वी उसाच्या फडांत कोयते चालू लागतात, द्राक्षबागांच्या छाटणीच्या दिवसांत घरोघर कात्र्यांना धार लागते आणि विळीवर बसून कांदा चिरण्याचा सराव पोरवयातच होऊन जातो, त्या पलूसच्या परिसरात सुरी कशी धरावी हे कोणाला सांगू जाणे आगंतुकपणाचे वाटण्याचा संभव आहे. तथापि अनेक वर्षे कृष्णेतला मासा स्वहस्ते साफ करीत आल्यावर आणि या कामात झालेल्या इजा जवळून पाहिल्यावर माझे असे निश्चित मत झाले आहे की, गोड्या पाण्यातल्या माशाचे मांस काट्यावरून सोडवताना हा कोयत्याचा सरावच माणसाचा घात करतो. कोयत्याची सारी विद्या आघातात आहे. माशाच्या सुरीची विद्या जोर न लावण्यात आहे.

आमचे एक साडू ऊसतोडीत हयात घालवलेले गृहस्थ. नदीला नवे पाणी आले असता भिलवडीकडून आणलेला तीनेक किलोंचा कटला त्यांनी मोठ्या हौसेने पुढ्यात घेतला आणि यात्रेत खरेदी केलेल्या लांब, लवचीक, चकचकीत सुरीने कल्ल्यामागे काप घेतला. पाते हाडाशी अडले. उसाचे कांडे अडले असता जे करायचे तेच त्यांनी केले, म्हणजे मनगटाचा सारा जोर मुठीवर दिला. सुरी जागची हलली नाही, परंतु माशाच्या बुळबुळीने माखलेला पंजा त्या गुळगुळीत मुठीवरून पुढे सरकला आणि उघड्या धारेवर गेला. रक्त थोड्या वेळात थांबले, जखमही फार मोठी दिसेना, म्हणून हळद दाबून फडके बांधण्याची तजवीज झाली. दुसरे दिवशी बोट मिटेना, तेव्हा मिरज गाठावी लागली. आतली कंडरा तुटली होती. शस्त्रक्रिया झाली, तरी ते बोट आजही पुरते मिटत नाही. साडूंनी दोष हत्याराला दिला, घरच्यांनी त्यांच्या घाईला दिला. माझ्या मते दोष जोराचा होता. या कामात जिथे जोर लावण्याची पाळी येते तिथे एकतर हत्यार चुकलेले असते, नाहीतर जागा चुकलेली असते, हा नियम मनाशी पक्का करून ठेवावा आणि हात थांबवून या दोहोंपैकी काय चुकले ते पाहावे.

हत्यार निवडण्यापूर्वी मासा ओळखावा. आपल्याकडे बाजारात मुख्यत्वे रोहू, कटला आणि मृगळ येतात. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी संप्रेरकाची टोचणी देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन बंदिस्त पाण्यात घडवून आणले, तेव्हापासून त्यांचे बीज देशभरच्या तळ्यांत आणि धरणांत सोडणे सुकर झाले. या माशांच्या मांसात, कण्याशी न जोडलेले, दुफाट्याचे बारीक काटे विखुरलेले असतात. कणा आणि बरगड्या कितीही कौशल्याने सोडवल्या तरी ते मांसातच राहतात. सबब रोहूचे निखळ बोनलेस काप घरच्या सुरीने काढण्याचा हट्ट धरू नये. त्याऐवजी कातडीसकट बाजू सोडवून मांसाच्या अंगाने दोन-तीन मिलिमीटर अंतरावर आडवे छेद द्यावेत, ते कातडीपर्यंत पोचावेत पण कातडी तुटू नये, आणि मग कडक तेलात तळावे. बारीक काटे तुकडे होऊन कुरकुरीत होतात आणि घशाला त्रास देत नाहीत. हंगेरीतले लोक आपल्या रोहूच्याच कुळातला मासा याच रीतीने छेदून तळतात.

मरळीची गोष्ट निराळी. तिच्या मांसात हे दुफाट्याचे काटे जवळजवळ नसतात, त्यामुळे सोडवण्यास ती उत्तम. मात्र हवेतला श्वास घेणारी ही मासळी पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते आणि सुरी लागताच उसळते, म्हणून ती पुरती निश्चेष्ट केल्यावाचून पाते जवळ नेऊ नये. चिलापीच्या पाठीवरचे आणि शिंगटाच्या कल्ल्याजवळचे काटे प्रथम कात्रीने छाटावेत. शिंगटाचा काटा लागल्यास ठणका मोठा असतो, आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरल्याने तो उतरतो.

आता सुरीविषयी. किलोभराच्या माशाला सहा इंचांचे पाते पुरते, त्याहून मोठ्याला सात ते आठ इंचांचे घ्यावे. ते टोकाकडे निमुळते आणि किंचित लवणारे असावे, म्हणजे बरगड्यांच्या वळणाने चालते. मुळाशी मात्र ताठ असावे. फिनलंडच्या सरोवरांवर रूढ झालेल्या अशा सुऱ्या आता आपल्या शहरांतूनही मिळतात आणि त्या चांगल्या असतात. पण हाड तोडणे हे त्यांचे काम नव्हे. कटल्याचे डोके फोडायचे तर सत्तूर घ्यावा, तो जागेवर टेकवावा आणि त्याच्या पाठीवर लाकडी हातोडी मारावी. पात्याच्या चकाकीपेक्षा मूठ पाहावी: ती खरखरीत असावी आणि पात्याशी जुळते तिथे बोट अडेल असा उंचवटा तिला असावा. साडूंच्या सुरीला तो असता तर हा मजकूर लिहिण्याचे कारण पडले नसते. जुन्या कमानपाट्यापासून घिसाड्याने घडवलेली सुरी धार उत्तम धरते, परंतु गंजते. काम संपताच ती पुसून तिला तेलाचा हात द्यावा.

धार घरीच निसण्यावर, पाणी घालून, पाते पंधरा ते वीस अंशांनी तिरपे धरून, दोन्ही अंगांनी सारखी लावावी. शिकलगाराकडे देण्यास हरकत नाही, पण चाकावर पाते तापून त्याची कड निळी पडली तर पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. मग ती धार टिकत नाही. धारेची परीक्षा अंगठ्यावर करू नये, कागदावर करावी. बोथट सुरी निरुपद्रवी असते हा समज खोटा आहे, कारण तीच जोर मागते.

प्रत्यक्ष कामास बसताना फळीखाली ओले फडके घालावे, मासा जाडसर कापडाने कोरडा पुसावा आणि डाव्या हातास मीठ चोळावे. पोलादी तारेचा हातमोजा मिळाल्यास त्याहून उत्तम. पोट फाडताना टोक उथळ ठेवावे, म्हणजे पित्त फुटत नाही. ते पित्त औषधी म्हणून गिळणारे लोक आहेत, त्यांना सक्त ताकीद द्यावी. रोहूच्या जातीच्या माशांच्या पित्ताने मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दाखले वैद्यकात नमूद आहेत. मग कल्ल्यामागे तिरपा काप घ्यावा, पाते कण्याला टेकताच थांबावे, धार शेपटीकडे वळवावी आणि कण्याला लागून लांब, सलग हात घ्यावा. काट्यांवरून सरकताना येणारी बारीक करकर हाच वाटाड्या, ती थांबली की पाते मांसात भरकटले. कातडी सोडवताना पाते फळीशी जवळजवळ आडवे ठेवून कातडी ओढावी.

एवढे करूनही कापलेच, तर स्वच्छ पाण्याने धुऊन दहा मिनिटे सलग दाबून धरावे, हळद वा राख भरू नये, आणि धनुर्वाताची लस घ्यावी. बोट मिटत नसेल, उलगडत नसेल किंवा त्याचे टोक बधिर वाटत असेल, तर जखम केसाएवढी असली तरी त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा. दोनतीन दिवसांनी जखम लाल होऊन ठणकू लागली तरी हयगय करू नये. नदीच्या पाण्यातले जंतू त्वरेने पसरतात.

आणि ज्याच्या घरी मासा रस्स्यातच पडतो, त्याने ही सुरी मुळीच विकत घेऊ नये. रस्स्याला चव येते ती काट्यासकट असलेल्या तुकड्यांनी; ते तुकडे करून देणारा भोई बाजारात बसलेला आहे आणि त्याचा हात आपल्यापेक्षा शहाणा आहे.