खांद्याला पेलेल तो बेस

चि. चिऊस,


तुझा मेसेज आणि दुकानातले फोटो मिळाले. पाच तारांचा जुना बेस, सोबत पंधरा इंची स्पीकरचा कॉम्बो ॲम्प, आणि दोन्हींची मिळून किंमत खरंच वाजवी. तरीही आगाऊ रक्कम देऊ नकोस. तू किंमत लिहिलीस, तारा लिहिल्यास, लाकडाच्या रंगाचं कौतुक केलंस. वजन मात्र कुठेच लिहिलं नाहीस. मला सगळ्यात आधी तेच विचारायचं होतं, आणि का विचारायचं होतं ते मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो.

१९९४ साली मी माझा पहिला कॉम्बो घेतला. ३४ किलोंचा. दुकानात त्याचा आवाज छातीत घुमला आणि मला दुसरं काही दिसेनासं झालं. डोंबिवलीहून दादरला प्रॅक्टिसला जायचं म्हणजे तो रिक्षात घालायचा, स्टेशनच्या पुलावरून दोघांनी धरून न्यायचा, लगेजच्या डब्यात चढवायचा, आणि दादरला हेच सगळं उलट्या क्रमाने. पहिली दोन वर्षं उत्साहात गेली. मग असं होऊ लागलं, की मंगळवारी कुणाचा फोन आला, ‘गुरुवारी येतोस का?’ की मला आधी गाणी आठवायची नाहीत, पूल आठवायचा. मी म्हणायचो, ‘या वेळी जमणार नाही.’ असं तीनदा म्हटलं की चौथा फोन येत नाही. हात ठीक होते, कान ठीक होते, बोलावणं तेवढं थांबलं. माझी बारा वर्षं अशी गेली. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, हे माहीत नाही. तिला वाटतं मी नोकरीमुळे सोडलं.

म्हणून सांगतो, वजनाकडे सोय म्हणून बघू नकोस. कुणी बोलावलं की ‘येते’ हा शब्द तुझ्या तोंडून किती सहज निघेल, ते वजनावर ठरतं. हौशी वादकाला पगार नसतो, परीक्षा नसते, कुणाचा धाक नसतो. त्याला वाजवतं ठेवते ती फक्त जाण्याची इच्छा, आणि ती पुलाच्या पायऱ्यांवर संपू शकते.

खरं तर हे वाद्य, बेस गिटार, जन्मलंच ओझं कमी करायला. त्याआधी बँडमध्ये माणसाहून उंच डबल बेस असायचा. तो गाडीत मावायचा नाही, आणि ड्रम्स-ब्रासच्या गदारोळात ऐकूही यायचा नाही. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला. गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, आणि मानेवर पडदे असल्यामुळे सूर नेमका लागायचा, म्हणून ‘प्रिसिजन’. आवाज ॲम्प्लिफायरकडे सोपवला आणि एका माणसाने एका हातात उचलून न्यावं असं वाद्य झालं. पुढे मैदानं मोठी झाली, ॲम्प मोठे झाले. १९६९ चा अँपेगचा एसव्हीटी ३०० वॉटचा होता, नुसतं हेड, म्हणजे स्पीकर नसलेली ॲम्पची पेटी, ३५ किलोंच्या पुढे, आणि त्याखालचं आठ स्पीकरचं कॅबिनेट साठ किलोंहून जड. वादक त्याला फ्रिज म्हणतात. तो आवाज अप्रतिम आहे, मी नाही म्हणणार नाही. पण ज्यांच्यासाठी तो बनला त्यांच्याकडे ट्रक होते आणि उचलायला माणसं होती.

आता तुझ्या बेसकडे येतो. चांगला चार तारांचा बेस साधारण चार किलोंचा असतो. साडेतीन मिळाला तर उत्तम. साडेचारच्या वर गेलीस की दोन तास उभं राहून वाजवताना डावा खांदा बोलू लागतो. पाच तारांचे पुष्कळदा त्याच्या वर जातात. दुकानात जाताना बॅग मोजायचा हुकाचा काटा घेऊन जा, संकोच करू नकोस. नुसता मोजू नकोस, गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभी राहा आणि दोन्ही हात सोड. हलक्या अंगाच्या बेसची मान पुष्कळदा खाली झुकते, कारण वरच्या टोकाला खुंट्यांचं वजन असतं. मग डाव्या हाताला मान तोलून धरावी लागते, आणि हलकेपणाने खांद्याचं जे वाचवलं ते मनगटातून जातं. मान झुकणारा तीन किलोंचा बेस आणि सरळ राहणारा चार किलोंचा बेस यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन. पट्टा चार बोटं रुंद, आतून खरखरीत हवा. गुळगुळीत नायलॉनचा बारीक पट्टा फेकून दे.

पाचव्या तारेचा मोह मला कळतो. पण हिशेब बघ. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, पाचवी तार ३१ वेळा. तो सूर नीट ऐकू यायला मोठा स्पीकर आणि मोठं कॅबिनेट लागतं. म्हणजे पाचवी तार आली की तिच्यामागून आणखी दहा किलो येतात. आणि लागते कितीदा? गाणं गायकाच्या सोयीने अर्धा सूर खाली आलं तर तार तेवढी उतरवता येते. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसनने एवढी गाणी वाजवली ती चार तारांच्या प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एका तर्जनीने.

तुझे हात लहान आहेत, म्हणून शॉर्ट स्केलही हातात घेऊन बघ. नेहमीच्या बेसची तार ३४ इंचांची, याची ३० इंचांची. पडदे जवळ येतात, मान आखूड, एकूण वजनही बहुधा कमी. तार थोडी सैल असल्यामुळे आवाज गोलसर, जुन्या हिंदी गाण्यांना छान बसणारा. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर याच जातीचा, आतून पोकळ आणि हलका. दुकानदार म्हणेल, हा नवशिक्यांचा आहे. त्याच्याशी वाद घालू नकोस, वाजवून बघ.

कॉम्बोबद्दल माझं मत एका शब्दात सांगतो : नको. निदान आत्ता तरी. हॉस्टेलच्या खोलीत तो तुला वाजवू देणार नाहीत. जॅमपॅडमध्ये, म्हणजे तालमीच्या भाड्याच्या खोलीत, बेसचा ॲम्प असतोच. कार्यक्रमात साऊंडवाला तुझी वायर डीआय बॉक्समधून सरळ मिक्सरला घेतो. मग उरतं काय? खोलीसाठी हेडफोनचा छोटा ॲम्प घे, बेसमध्येच खुपसायचा. आणि डीआय असलेलं एक प्रीॲम्प पेडल घे, म्हणजे कुठल्याही हॉलमध्ये तुझा आवाज तुझ्यासारखाच येईल. ट्यूनर, दोन केबल (एक कार्यक्रमातच जाते, नेहमी), आणि कानातले प्लग. जॅमपॅडच्या बंद खोलीत झांजेजवळ उभं राहून माझ्या ओळखीच्या दोघांचे कान कायमचे गुणगुणू लागले आहेत. हे सगळं बॅगच्या पुढच्या कप्प्यात मावतं, आणि तू बेस पाठीवर टाकून बसनेही जाऊ शकतेस.

पुढे कमावू लागलीस आणि स्वतःचा ॲम्प हवा झाला, तर मला १९९४ साली जे मिळू शकत नव्हतं ते तुला मिळेल. जुन्या ॲम्पमध्ये लोखंडी गाभ्याचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर असतो, कारण आपल्या घरची वीज सेकंदाला फक्त ५० वेळा हेलकावते आणि एवढ्या संथ हेलकाव्याला मोठा गाभा लागतो. नवे ॲम्प तीच वीज आधी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. हेलकावे जलद झाले की मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पुढचा भाग क्लास डी पद्धतीचा, तो फारसा तापत नाही, म्हणून जड ॲल्युमिनियमचे पंखही लागत नाहीत. अडीच किलोंच्या आत ५०० वॉटचं हेड येतं. स्पीकरचं चुंबक फेराइटऐवजी निओडिमियमचं असलं की बारा इंची कॅबिनेट बारा-चौदा किलोंत बसतं. सात वर्षांपूर्वी मी असा संच घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात, कुणी बोलावलं नसताना, स्वतः फोन करून प्रॅक्टिसला गेलो.

दोन गोष्टी विकणारा सांगत नाही. पेटीवरचा ५०० वॉटचा आकडा बहुधा ४ ओहमच्या कॅबिनेटवरचा असतो. ८ ओहमचं एकच जोडलंस तर त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त मिळेल. त्याने घाबरू नकोस, वॉट निम्मे झाले तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. पण ॲम्पवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कधी जाऊ नकोस, आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल लावू नकोस, ती तापते. दुसरी गोष्ट, हे हलके ॲम्प बिघडले की गल्लीतल्या मेकॅनिकला सहसा दुरुस्त होत नाहीत, अख्खा बोर्ड बदलावा लागतो. म्हणून सर्व्हिस जवळ कुठे आहे ते आधी विचारून घ्यायचं.

आता बँड. तू लिहिलंस, ‘मला कोण घेणार, मी अजून शिकतेय.’ चिऊ, तुझ्या कॉलेजात गिटार वाजवणारे मोज, मग बेस वाजवणारे मोज. मॅकार्टनीदेखील आधी गिटारवरच होता. बँडचा बेसवाला सोडून गेला आणि ती जागा कुणाला नको होती, म्हणून ती त्याच्याकडे आली. जिथे माणूस कमी असतो तिथे दार लवकर उघडतं. दार उघडं ठेवायचं काम मात्र तुझं.

पुण्यात तू फार योग्य जागी आहेस. फिरोदिया करंडकाच्या तालमी सुरू झाल्या की प्रत्येक कॉलेजला वादक हवे असतात. नाटक, नाच, चित्र आणि गाणं एकाच रंगमंचावर आणणारी ती स्पर्धा आहे आणि त्यात संगीत बहुतेक जागच्या जागी वाजतं. महिनाभर रोज तालीम, प्रवेश बदलला की गाणं बदलायचं. याहून चांगली शाळा नाही. तुमच्या टीमला जाऊन विचार. मग जॅमपॅड चालवणाऱ्याशी ओळख ठेव. कुठला बँड अडलाय हे सगळ्यात आधी त्याला कळतं. आणि गिटारवाल्यांपेक्षा ड्रमर शोध. एक ड्रमर जमला की अर्धा बँड जमला. दोघांनी नुसता एक ठेका अर्धा तास वाजवा, वेग न वाढवता. त्याच्या किकवर तुझा सूर तंतोतंत पडला की खोलीतली हवा बदलते. तो क्षण तुला ओळखायला शिकवावा लागणार नाही.

रॉकच हवं असा हट्ट धरू नकोस. गणपती-नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, वसई आणि गोव्याकडची लग्नं, चर्चचा क्वायर, सगळीकडे बेस लागतो. मी सगळ्यात जास्त शिकलो ते गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात. एका रात्री तीस गाणी, तालीम नाही, गायक ऐनवेळी पट्टी बदलणार. पंचमदांच्या गाण्यांतला बेस तिथेच मला पहिल्यांदा खरा ऐकू आला. त्यांच्या वादकांत टोनी वाझ बेस वाजवायचे. हेडफोन लावून फक्त ती खालची ओळ ऐकत जा, शब्दांकडे लक्ष न देता.

कुणी बोलावलं तर आधी चार गोष्टी स्पष्ट विचार : कुठली गाणी, प्रॅक्टिस कुठल्या वारी, जॅमपॅडचं भाडं कोण देणार, आणि यांना नेमकं काय करायचंय, मजा की कार्यक्रम. उत्तरं पटली नाहीत तर गोड शब्दांत नाही म्हण. ऑडिशनला तीन गाणी सांगितली तर तीनच बसव, पण रेकॉर्डमध्ये आहेत तशी. स्वतःची भर घालू नकोस. समोरचे तुझी करामत बघत नसतात, तुझ्यावर पाय रोवून उभं राहता येतं का ते बघत असतात. वेळेच्या दहा मिनिटं आधी जा, घरून ट्यून करून जा, दोन गाण्यांच्या मध्ये वाजवत बसू नकोस. ज्यांना नेहमी बोलावलं जातं अशा ज्या बेसवाल्यांना मी ओळखतो, त्यांतले निम्मे माझ्याहून वेगवान नाहीत. पण ते येतात.

एखादा बँड सोडावासा वाटला तर ठरलेला कार्यक्रम पार पाडून सोड आणि तोंडाने सांगून सोड. मी एकदा न सांगता जायचं थांबलो होतो. तो ड्रमर आजही भेटला की हसतो, पण त्याने मला पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

रात्रीचे कार्यक्रम असतील तर परत कोण सोडणार हे होकार देण्याआधी ठरलेलं हवं. हे ताईसाठी नाही, माझ्यासाठी सांगतोय. पाठीवर बेसची बॅग आणि दोन्ही हात मोकळे, एवढंच सामान असेल तर अडचणीच्या ठिकाणाहून तुला केव्हाही निघता येईल. कॉम्बो असेल तर त्याच्यासाठी थांबावं लागेल.

पुढच्या रविवारी मी कल्याणहून इंद्रायणीने येतो. दुकान उघडायच्या आत पोचेन. तो पाच तारांचा आणि त्यांच्याकडचा एखादा शॉर्ट स्केल, दोन्ही बाजूला काढून ठेवायला सांग. काटा मी आणतो, आणि माझा रुंद पट्टाही. तू तोवर एक गाणं नीट बसवून ठेव, तिथे तेच दोन्हींवर वाजवून बघू.

तुझा,
मामा