बारा तासांचा एक विषय

बारावीनंतर काय, अशी चर्चा घरात सुरू झाली की कोणीतरी 'एम. आय. टी.' ही तीन अक्षरे उच्चारतोच. पुण्यातही याच आद्याक्षरांची संस्था आहे. पण आपण बोलणार आहोत ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीविषयी. तिचे नाव सर्वांना ठाऊक असते. तिथला विद्यार्थी दिवसभर करतो काय, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

विल्यम बार्टन रॉजर्स या भूशास्त्रज्ञाच्या खटपटीने १० एप्रिल १८६१ रोजी या संस्थेला सनद मिळाली आणि दोनच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले! त्यामुळे पहिले वर्ग भरायला १८६५ साल उजाडले. संस्था आधी बॉस्टन शहरात होती. १९१६ साली ती चार्ल्स नदी ओलांडून केंब्रिज गावी आली. (इंग्लंडातले केंब्रिज ते वेगळे.) तिच्या मुद्रेवर एका बाजूस ऐरणीपाशी उभा असलेला कारागीर आणि दुसऱ्या बाजूस पुस्तक वाचणारा विद्वान दिसतो. ब्रीदवाक्य आहे 'मन आणि हात'. आपल्या पुण्याला या संस्थेचा पत्ता फार लवकर लागला होता. केशव मल्हार भट हे पुण्याचे गृहस्थ १८८२ साली तिथे शिकायला गेले आणि तिथले पहिले भारतीय विद्यार्थी ठरले.

ही संस्था खासगी आहे. आपल्याकडे 'खासगी' म्हटले की पालकांच्या पोटात गोळा येतो. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की संस्था सरकारच्या मालकीची नसून विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहते. नफा वाटून घेणारा मालक कोणी नाही. जुन्या देणग्या गुंतवून येणारे उत्पन्न, संशोधनासाठी मिळणारा पैसा आणि शुल्क यांवर गाडा चालतो.

आता अभ्यासाकडे वळू. पदवीचे शिक्षण चार वर्षांचे. विद्यार्थी सुमारे साडेचार हजार. पुढे संगणकशास्त्र घ्या नाही तर अर्थशास्त्र, प्रत्येकाला कलनशास्त्राचे दोन, भौतिकीचे दोन, रसायनशास्त्राचा एक आणि जीवशास्त्राचा एक असे सहा विषय करावेच लागतात. शिवाय साहित्य, इतिहास, संगीत, समाजशास्त्रे यांतले आठ विषय! 'मी इंजिनिअर होणार, मला इतिहास कशाला?' ही सबब तिथे चालत नाही. आणखी एक गंमत म्हणजे पोहण्याची परीक्षा. पोहता येत नसेल तर पोहण्याचा वर्ग करावा लागतो.

विषयांना नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखतात. ८ म्हणजे भौतिकी, १८ म्हणजे गणित. कलनशास्त्राच्या पहिल्या विषयापुढे ५-०-७ असे तीन आकडे छापलेले असतात. ते नीट पाहा, कारण सारे मर्म त्यांतच आहे. आठवड्याला ५ तास वर्गात, ० तास प्रयोगशाळेत आणि ७ तास स्वतःचा अभ्यास, मिळून १२ तास. सत्रात असे चार विषय घेतले की आठवड्याचे ४८ तास होतात. म्हणजे शिक्षकासमोर बसण्यापेक्षा स्वतः झगडण्याला अधिक वेळ अधिकृतपणे राखून ठेवला आहे. आपल्या वेळापत्रकात शाळा आणि शिकवणी यांतून असे किती तास उरतात, ते प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे.

हे सात तास जातात ते मुख्यतः उदाहरणसंच सोडवण्यात. या उदाहरणांत सूत्रात आकडे घालून चालत नाही. एकेक उदाहरण तास-दोन तास दाद देत नाही. मुले गटाने बसून चर्चा करतात; पण उत्तर प्रत्येकाने आपले आपण लिहायचे आणि कोणाची मदत घेतली त्याचे नाव वर नोंदवायचे. गावात पहिला आलेला मुलगा इथे प्रथमच अडतो. म्हणून पहिल्या सत्राचे गुण पत्रकावर दाखवतच नाहीत. उत्तीर्ण झालात तर तेवढीच नोंद. नापास झालात तर नोंदच नाही. माझ्या मते ही सोय आपल्याकडेही यायला हरकत नाही.

वर्गातही बदल झाले आहेत. विद्युत्चुंबकत्वाच्या मोठ्या व्याख्यानांना मुले दांड्या मारीत आणि नापासही पुष्कळ होत. तेव्हा जॉन बेल्चर या प्राध्यापकांनी वर्गाचा नकाशाच बदलला. एका गोल टेबलाभोवती नऊ मुले, तिघा-तिघांचे गट, मध्येच प्रयोग, मध्येच प्रश्न.

यंत्र अभियांत्रिकीच्या एका विषयात प्रत्येकाला सारख्याच सामानाचा संच मिळतो. त्यातून यंत्र बनवायचे आणि सत्राच्या शेवटी सर्वांसमोर स्पर्धेत उतरवायचे. १९७० च्या दशकात वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेला रूप दिले. कागदावर सुबक दिसणारे चाक प्रत्यक्षात घसरते का, हे तिथे सर्वांदेखत कळते! आणि १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी सुरू केलेल्या योजनेमुळे पदवीचा विद्यार्थीही प्राध्यापकांच्या चालू संशोधनात काम करू शकतो. त्याबद्दल त्याला गुणांक किंवा वेतन मिळते. दहांतले नऊ विद्यार्थी कधी ना कधी हा अनुभव घेतात.

खर्चाचे काय? वर्षाचे शिक्षणशुल्कच साठ हजार डॉलरांच्या वर आहे. मात्र प्रवेश देताना घरची ऐपत पाहिली जात नाही, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही हाच नियम आहे. निवड झाल्यावर गरजेइतके साहाय्य मिळते. २०२५ पासून, वर्षाला दोन लाख डॉलरांहून कमी उत्पन्न असलेल्या सर्वसाधारण कुटुंबातील मुलांना शिक्षणशुल्क पडत नाही. खरी अडचण निवडीची आहे. अर्जदारांपैकी शंभरांत चार-पाचच घेतले जातात. परदेशी मुलांना तर वाट आणखी अरुंद. प्रवेशपरीक्षेबरोबर शिक्षकांची पत्रे आणि मुलाने स्वतः केलेले काम पाहिले जाते. 'हमखास प्रवेश' अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

व्याख्याने ऐकायला मात्र तिकीटही लागत नाही. २००१ साली संस्थेने आपले पाठ्यसाहित्य इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य देण्याचे जाहीर केले. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने साताऱ्यात बसूनही ऐकता येतात. पण ऐकून थांबू नका. सोबतचे उदाहरणसंच उतरवून घ्या. पुष्कळदा उत्तरेही तिथेच दिलेली असतात. ती सात तास उघडायची नाहीत.