'चोकपॉइंट' : एका शब्दाचा अर्थ

सहामाही परीक्षेत मी लिहिले, "चोकपॉइंट म्हणजे सामुद्रधुनी." सरांनी समासात लाल शाईने विचारले, "मग कुकची सामुद्रधुनी?" पाचांपैकी दीडच गुण पडला. सुट्टीभर तो प्रश्न डोक्यातून जाईना.

न्यूझीलंडच्या दोन मुख्य बेटांमधली कुक सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे २२ किलोमीटर आहे, तर इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझ सुमारे ३३. म्हणजे होर्मुझच अधिक रुंद. तरी तेलाच्या बाजाराला धास्ती तिचीच. असे का?

उत्तर वडिलांकडून मिळाले. ते शाळेची पायरी चढलेले नाहीत. आमच्या ओढ्यावर एकच फरशी आहे. उसाच्या हंगामात तिच्यावर एका गाडीचा आख मोडला आणि मागच्या साऱ्या गाड्या खोळंबल्या. मी म्हणालो, "फरशी रुंद पाहिजे होती." ते म्हणाले, "रुंदीचं काय घेऊन बसलास? दुसरी वाट हाय का, ते बघ."

व्याख्येचे मर्म त्यात आले. सामुद्रधुनी, खिंड, कालवा हे शब्द जागेचा आकार सांगतात. त्या जागेवर कोण किती अवलंबून आहे, हे 'चोकपॉइंट' सांगतो. वाट अरुंद हवी, तिच्यावर रहदारी मोठी हवी आणि पर्याय नसावा किंवा फार महाग पडावा. कुवेत, कतार, बहारीन यांच्या बंदरांतून निघालेल्या जहाजाला होर्मुझवाचून महासागर गाठता येत नाही. सुएझचे तसे नाही. १९६७ ते १९७५ अशी आठ वर्षे तो कालवा बंद होता, तेव्हा जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. वाट होती, पण हजारो किलोमीटर लांबची. पुढे मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचे एकच जहाज त्याच कालव्यात सहा दिवस आडवे रुतून बसले आणि शेकडो जहाजे ताटकळली. (ते वाचताना मला आमची फरशीच दिसली!)

जमिनीवरही हेच. १६६१ साली शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाला कोंडले. खिंड एरवीही अरुंदच होती. पुढची आणि मागची वाट अडली, तेव्हा ती फास झाली.

मराठीत यासाठी नवा शब्द घडवण्यापेक्षा मला 'नाके' बरे वाटते. नाके अडवता येते, तेथे पहारा बसवता येतो, जकात घेता येते. 'नाकेबंदी' तर आपण रोजच बोलतो. अडचण एकच, नाके म्हटले की लोकांना चहाची टपरी आठवते. तरी वार्षिक परीक्षेत मी 'नाके' असेच लिहिणार आहे. लाल शाई काय म्हणते, ते पाहू.