गांवाचा इतिहास कोठें शोधावा?

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया व किल्ले डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु खेड्यालाहि इतिहास असतो, आणि तो बहुतांशीं जमिनीच्या कागदांत असतो. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली; म्हणून या विषयाकडे शेतकरीबंधूंचें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे.

आपल्या जिल्ह्यांतील नगरधन हें रामटेकच्या दक्षिणेस असलेलें एक लहान गांव होय. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असें विद्वान मानतात. पांचव्या शतकाच्या आरंभीं राणी प्रभावतीगुप्ता आपल्या अल्पवयी पुत्राच्या वतीनें येथून राज्य चालवीत असे. २०१५ ते २०१८ या काळांत येथें झालेल्या उत्खननांत तिच्या नांवाची मातीची मुद्रा सांपडली.

नंदिवर्धनाहून दिलेला तिचा एक ताम्रपट पुढें पुण्यास उपलब्ध झाला. त्यांत दंगुण नांवाचें गांव दान दिलें असून चतुःसीमा लिहिली आहे: पश्चिमेस विलवणक, उत्तरेस शीर्षग्राम, पूर्वेस कदापिंजन, दक्षिणेस सिदिविवरक. या सीमांवरून दंगुण म्हणजे आजचें हिंगणघाट असावें, असा तर्क नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनीं केला.

वाकाटकांच्या अशा दानपत्रांत सवलतीहि नमूद असत. गांवांत सैनिकांनीं शिरूं नये. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांस चारा, बसावयास कातडीं व कोळसा पुरविण्याची सक्ति नसावी. फुलें व दूध घेऊं नये. ज्या गांवांस अशी सूट नव्हती, त्यांच्यावर कोणता भार होता, हें यावरून कळतें. ज्या शेतकऱ्यांविषयीं कोणीं पोथी लिहिली नाहीं, त्यांचा इतिहास तो हाच.

१८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें. पुढें इंग्रजी बंदोबस्तांत मालगुजारांस मालकी मिळाली, आणि विहीर, तळें, चराई व वाट यांविषयींची वहिवाट वाजिब-उल-अर्जांत नोंदली गेली. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली. परंतु १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांस स्थान आहे.

एका गांवीं तळ्यावर गुरें नेण्याच्या वाटेचा तंटा होता. वाट नांगरली गेली, दावा चालला, दोन घरांचे बैल विकले गेले. अखेर कोणी जुनी नक्कल मागितली, तेव्हां ती वाट स्पष्ट लिहिलेली आढळली. तें दप्तर मींच सांभाळीत होतों. मला कोणीं विचारलें नाहीं, व मींहि आपण होऊन सांगितलें नाहीं. ही खंत अद्याप जात नाहीं.

तेव्हां प्रत्येक गांवानें तीन गोष्टी कराव्या. गांवनकाशा, निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला मिळवाव्या. त्या ग्रामसभेंत मोठ्यानें वाचाव्या. आणि शेतांचीं, नाल्यांचीं व पांदणींचीं जुनीं नांवें वृद्धांकडून विचारून, तारीख घालून एका वहींत लिहावीं. चार सीमा लिहून ठेविल्या म्हणून दंगुणाचा माग दीड हजार वर्षांनींहि लागला. न लिहिलेली वाट एका पिढींत बुजते.