शेंद्र्याची गाडी, पैठणचा रस्ता

पैठणला घर आणि संभाजीनगरला नोकरी, म्हणजे रोजचा शंभरेक किलोमीटरचा प्रवास. जवळ एका साध्या नव्या हॅचबॅकपुरते पैसे होते, मनात मात्र ऑक्टाव्हिया होती. बऱ्याच शोधानंतर वापरलेली, डिझेल, ऑटोमॅटिक ऑक्टाव्हिया दारात उभी राहिली. त्या शोधात आणि नंतर ती चालवताना जे उमगत गेलं, ते सांगतो. तुमची गाडी आणि तुमचा रस्ता वेगळा असेल, तर तपशील तेवढे बदलून घ्या.

१. जिला मी परदेशी समजत होतो, ती गाडी आपल्याच जिल्ह्यातली निघाली. स्कोडा २००१ मध्ये शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आली आणि तिथून बाहेर पडलेली तिची पहिली गाडी ऑक्टाव्हियाच. हे वाचून ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ कळला तो गाडी तपासणाऱ्या मिस्त्रींमुळे. त्यांनी उमेदीची वर्षं शेंद्र्यातच काढलेली. बॉनेट उघडल्यावर कुठला बोल्ट कधी हलवला गेलाय हे ते नुसत्या नजरेनं सांगत होते. असं ज्ञान हाताच्या अंतरावर आहे म्हणूनच ही गाडी घ्यायचा धीर झाला. तीच गाडी दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात राहून मी घेतली असती का, याची मला आजही खात्री नाही.

२. नावाची किंमत वेगळी आणि लोखंडाची वेगळी. माझ्या यादीत ऑडीची ए३ सलूनही होती. ती २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतात आली तेव्हा साधारण २३ लाखांपासून पुढे होती. आदल्या वर्षी आलेली नवी ऑक्टाव्हिया १४ लाखांच्या आतून सुरू होत होती. दोन्ही शेंद्र्यात जोडलेल्या, दोन्हींचा पाया एकच, एमक्यूबी, दोन्हींत १४३ अश्वशक्तीचं दोन लिटर डिझेल इंजिन आणि सहा गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मिस्त्री म्हणाले, “सर, आतलं सामान बरंचसं एकच आहे. तुम्हाला मागे माणसं बसवायचीत का, तेवढं सांगा.” आईचे गुडघे दुखतात, तिला मागच्या सीटवर पाय लांब करता आले पाहिजेत. यादी तिथेच छोटी झाली. ए३ चालवायला सुरेख आहे आणि तिच्या आतल्या कारागिरीचं मला अजूनही अप्रूप वाटतं. या शहराला अशा गाड्यांची हौस जुनीच; २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा देशभर चर्चा झाली. ती हौस मी समजू शकतो. पण रोजच्या गाडीची निवड आईच्या गुडघ्यांनी केली, याचं समाधान मोठं आहे.

३. स्वस्त गाडी कुठून आली, हे तिच्या किमतीआधी विचारावं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे दिल्ली पासिंगच्या चकचकीत गाड्या आपल्याकडे मोहात पाडणाऱ्या भावात दिसतात. त्यात वाईट असं काही नाही. मात्र तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, इथे नवा नंबर घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. हे सगळं कागदावर मांडलं की स्थानिक एमएच-२० गाडी फारशी महाग राहत नाही. शिवाय तिचा मालक समोर भेटतो, त्याचं घर, त्याची पार्किंगची जागा बघता येते. मला त्याचं मोल जास्त वाटलं.

४. गाडी खालून बघावी. पैठणीच्या गावात हे वेगळं सांगायला नको: जाणकार बाई पदर आधी उलटून बघते, कारण हातमागाचं खरं काम मागच्या बाजूलाही तितकंच नेटकं असतं. रॅम्पवर चढवलेल्या गाडीखाली मी पहिल्यांदाच उभा राहिलो आणि वरच्या पॉलिशपेक्षा तिथे जास्त वाचायला मिळालं. ऑइल चेंबरवरचे ओरखडे, बुशांच्या भेगा, कुठे ताजं अंडरकोटिंग मारून काही झाकलंय का, सगळं दिसतं. पुरात बुडालेली गाडीही अशीच सापडते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्याच्या टोकाला गाळाचा डाग दिसतो आणि सीटखालच्या रुळांना गंज असतो. २००६ चा पूर ज्यानं पैठणमध्ये पाहिलाय, त्याला गाळ कुठपर्यंत शिरतो हे सांगावं लागत नाही. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरानंतर तर ही तपासणी कोणीच टाळू नये.

५. ऑटोमॅटिक गाडीचं खरं रूप हमरस्त्यावर दिसत नाही. विकणारा आपल्याला मोकळ्या जालना रोडवर नेतो, गाडी सुसाट निघते आणि आपण भारावून जातो. मी ती पैठण गेटवरून गुलमंडीकडे नेली, संध्याकाळच्या गर्दीत. पहिला-दुसरा गिअर सारखा बदलत राहतो तेव्हाच डीएसजीची थरथर किंवा झटका जाणवतो. इंजिनाचं मात्र उलट: ते सकाळी, पूर्ण गार असताना सुरू करून ऐकावं. आधीच सुरू करून गरम ठेवलेल्या गाडीबद्दल मी मत बनवलं नाही, दुसऱ्या दिवशी परत गेलो. किलोमीटरच्या आकड्याची शहानिशा स्कॅनरने केली. या गाड्यांत एखादा दोष नोंदला गेला, तर तो किती किलोमीटरला आला हेही आत लिहिलेलं असतं.

६. कागदांची घाई खरेदी करणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला असायला हवी. माझ्या आधीचे मालक फॉर्म २९ आणि ३० साठी रोज फोन करत, तेव्हा मला ते उतावीळ वाटले. मग त्यांनीच समजावलं: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलंय, की गाडी विकली तरी आरसीवर ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावर येते. एवढा काटेकोर माणूस गाडीचं तेलही वेळेवर बदलत असणार, असं मला तेव्हाच वाटलं, आणि सर्व्हिसच्या पावत्यांनी तसंच सांगितलं. बँकेचा बोजा उतरलाय का आणि ई-चलान बाकी आहेत का, हे मात्र स्वतः बघावं. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

७. निम्म्याहून कमी किमतीत घेतली, तरी तिचे सुटे भाग नव्या गाडीच्याच भावानं येतात. डीएसजीचं तेल आणि फिल्टर साठ हजार किलोमीटरला बदलायचाच, त्यात कसर नाही. म्हणून ठरलेल्या रकमेतला काही भाग मी खरेदीत घातलाच नाही, बाजूला ठेवला. टायरचा आकार २०५/५५ आर१६ आहे, तो कुठेही मिळतो. ही छोटी गोष्ट वाटेल, पण पैठणच्या रस्त्यावर नाही. चौपदरीकरणाचं काम आणि त्याच रस्त्यानं जायकवाडीचं पाणी शहराला नेणारी अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी, यांमुळे खोदलेल्या कडांवरून गाडी काळजीनं काढावी लागते.

८. याच रस्त्यावर बिडकीन लागतं, आपल्याच तालुक्यातलं. तिथल्या ऑरिक औद्योगिक वसाहतीच्या जागेवर आता विजेवरच्या दुचाकींचा कारखाना येतोय, आणि टोयोटानेही २०२४ च्या जुलैमध्ये संभाजीनगरसाठी राज्य सरकारशी करार केलाय. वाळूजला १९८५ मध्ये बजाज आली, मग शेंद्रा, आता इकडे. प्रत्येक वेळी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचं दुःख मी जवळून ऐकलंय. त्या घरांतल्या मुलांच्या हातात निदान चांगलं कसब यावं, असं मनापासून वाटतं. मिस्त्रींकडे आयटीआय झालेला बिडकीनचा एक मुलगा शिकतोय. पुढच्या महिन्यात टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलायचाय. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, तुमच्या नजरेखाली त्याच्याच हातून होऊ द्या, मी सुट्टी घेऊन येतो.