उंचीची वही

तेरा वर्षांखालच्या संघातली मुलं रांगेत उभी केली की एका टोकाच्या मुलाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाचा आवाजही अजून फुटलेला नसतो. दाखल्यावर दोघांचं जन्मसाल एकच. पुण्याच्या बिबवेवाडीत मी बरीच वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतोय. ही रांग न वाचता मुलांना पळवलं, निवडलं किंवा घरी पाठवलं की काय होतं ते जवळून पाहिलंय. आई-वडिलांनी आणि नव्याने शिबिरं घेऊ लागलेल्या तरुण कोचनी यातलं थोडं जरी मनावर घेतलं, तरी काही पोरांचे गुडघे वाचतील.

गुडघ्यापासूनच सुरुवात करतो. जवळच्या अप्पर भागातून एक मुलगा यायचा, आठवीतला. वर्षभरात असा वाढला की पावसाळ्यात घेतलेली ट्रॅकपँट उन्हाळ्यात घोट्याच्या वर गेली. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा, शाळेच्या संघात रोज, आणि शनिवार-रविवार कुठल्या तरी टर्फवर स्पर्धा. वाटीच्या खाली हाडाला टेंगूळ आलं होतं, जिना उतरताना दुखायचं. मी उड्या आणि शूटिंग बंद केलं, डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. घरचे म्हणाले, "सर, वाढीचं वय आहे, दुखणारच." मॅच दुसऱ्या संघाची होती. त्यांनी नी-कॅप बांधून त्याला उतरवलं. हेडरसाठी उडी मारताना टेंगळाच्या जागचाच हाडाचा तुकडा निखळला. ऑपरेशन झालं, स्क्रू बसला. पाय बरा झाला, पण मुलगा पुन्हा ग्राउंडवर आला नाही.

वाढीचं वय आहे हे खरंच. म्हणूनच तर जपायचं. या वयात हाड भराभर लांब होतं, स्नायू मागे पडतात, आणि मांडीचा ताणलेला स्नायू प्रत्येक किकला, प्रत्येक उडीला वाटीखालची कोवळी कूर्चा ओढत राहतो. बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने हे दुखणं ओळखलं जातं. टाचेचं असंच दुखणं थोडं आधी येतं. आपल्याकडे त्यात मुरमाच्या कडक ग्राउंडची भर, त्यावर टोकदार स्टड्स, आणि तेही 'दोन वर्षं पुरतील' म्हणून दोन नंबर मोठे. मुरमावर खेळायचं असेल तर रबरी सोलचे, मापाचे बूट घ्या. पैसे वाचवायचे तर जर्सीत वाचवा.

बहुतेक मुलांना या दुखण्यात खेळ सोडावा लागत नाही. काही आठवडे उड्या, स्प्रिंट आणि लांब किक कमी करायच्या, पासिंग आणि बॉलवरचं काम चालू ठेवायचं, खेळल्यावर बर्फ लावायचा. मात्र मूल लंगडत असेल, रात्री दुखण्याने जागं होत असेल किंवा सूज वाढत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे लगेच जायचं. आणि एक हिशोब घरच्यांनीच ठेवायचा, कारण तो दुसरं कुणीच ठेवत नाही: शाळा, अकॅडमी, टर्फ मिळून आठवड्यात किती तास झाले? प्रत्येक कोचला फक्त आपलेच तास दिसतात. झोपेचेही तास मोजा. तेराच्या पुढच्या मुलांना आठ ते दहा तास लागतात, आणि पहाटेची प्रॅक्टिस व रात्रीचा क्लास यांच्यामध्ये तेवढे सापडत नाहीत.

माझ्याकडे स्टॉपवॉचपेक्षा जास्त वापरली जाते ती उंचीची वही. दर तीन महिन्यांनी, सकाळीच (संध्याकाळपर्यंत उंची थोडी दबते), अनवाणी, टाचा भिंतीला लावून. लहानपणी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. वाढीचा झपाटा आला की मुलगे वर्षाला आठ ते दहा सेंटीमीटरही वाढतात. मुलांमध्ये हे शिखर सरासरी साडेतेरा-चौदाला येतं, मुलींमध्ये बाराच्या आसपास. पण ही सरासरी झाली. कुणाचं दोन वर्षं आधी, कुणाचं दोन वर्षं नंतर, आणि दोन्ही निरोगी असू शकतात. आकडे ताडून पाहायला भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत. ते करण्यात आपल्या पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकन किंवा युरोपीय मुलांचे तक्ते आपल्या पोरांना लावू नका.

वहीत आकडा उडी मारतो त्याच सुमाराला मुलगा धडपडायला लागतो. काल पायाला चिकटणारा बॉल आज दोन फूट लांब जातो. आधी पाऊल वाढतं, मग पाय, धड सर्वांत शेवटी. आपला पाय कुठे संपतो हेच त्याला नव्याने शिकावं लागतं. "याचं लक्ष उडालंय" म्हणून नेमकं याच महिन्यांत त्याला बेंचवर बसवलं जातं. त्याला वेळ द्या आणि कारण सांगा. कारण कळलं की मूल घाबरत नाही.

लवकर वाढलेल्या मुलाची फसवणूक वेगळी. बाराव्या वर्षी तो सगळ्यांना खांद्याने बाजूला सारून गोल करतो, घरचे खूश, कोच खूश. पासिंग शिकायची गरजच पडत नाही. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात तेव्हा हाताशी काही उरत नाही. शिवाय दाखला खोटा असल्याचे टोमणे. वयाची चोरी आपल्याकडे होते, ती थांबायलाच हवी. त्यासाठी मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढतात, आणि फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी मनगटाचा एमआरआय वापरते. पण हाडाचं वय म्हणजे जन्मतारीख नव्हे. खऱ्या दाखल्याचा मुलगाही हाडाने वर्षभर पुढे असू शकतो. कडेला उभं राहून त्याला चोर म्हणणाऱ्या पालकांना मी ग्राउंडबाहेर काढतो.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकॅडमींनी यावर चांगला उपाय करून पाहिला. अंदाजे प्रौढ उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली, अकरा ते चौदा वर्षांची मुलं एकत्र खेळवली. मोठ्यांना डोकं वापरावं लागलं, मागून वाढणाऱ्यांना पुढाकार घ्यायला जागा मिळाली. आम्ही महिन्यातला एखादा रविवार वहीतली वाढ बघून असेच संघ पाडतो. त्याला खर्च काहीच नाही.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांची पाळी साधारणपणे उंचीच्या झपाट्यानंतर वर्षभरात सुरू होते, आणि त्या सुमारास बऱ्याच जणी न सांगता यायच्या बंद होतात. ग्राउंडवर एक तरी जाणती ताई हवी, स्वच्छ संडास हवा, आणि उडीनंतर गुडघे आत न वळवता कसं उतरायचं हे शिकवायला हवं. त्यांच्या गुडघ्याच्या लिगामेंटला धोका जास्त असतो.

निवड चाचण्या घेणाऱ्यांना एक विनंती. वयोगट १ जानेवारीला सुरू होतो, त्यामुळे जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं, आणि निवडलेल्यांत वर्षाच्या सुरुवातीची मुलंच जास्त दिसतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्सच्या पीएसव्ही क्लबच्या निवडकर्त्यांसमोर मुलांच्या पाठीवरचे नंबर वयाच्या क्रमाने लावले. नुसतं वय सांगून निवड बदलली नव्हती. नंबरावरून ते डोळ्यांपुढे राहिलं तेव्हा पक्षपात कमी झाला. आपल्या आंतरशालेय चाचण्यांत छातीला कागदी नंबर लावतोच आपण. ते जन्मतारखेच्या क्रमाने वाटा, आणि ज्यांना 'नाही' म्हणाल त्यातल्या लहानखुऱ्यांना सहा महिन्यांनी परत बोलवा.