मदात्यय : रुग्ण स्वतः वैद्य असता

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या दोन संस्थापकांपैकी डॉ. बॉब स्मिथ हे अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथील शल्यचिकित्सक होते. जून १९३५ मध्ये सोडलेले मद्य त्यांनी १९५० साली मृत्यू येईपर्यंत पुन्हा घेतले नाही. अमेरिकेतच पुढे १६ राज्यांतील ९०४ व्यसनग्रस्त डॉक्टरांवर ५ वर्षे नियमित तपासणीसह देखरेख ठेवली गेली. सुमारे ७८ टक्के जणांच्या एकाही तपासणीत मद्य वा मादक द्रव्य आढळले नाही. म्हणजे आपल्या व्यवसायबंधूंबाबत निराश होण्याचे कारण नाही. अडचण आहे ती लपविण्याची. रत्नागिरीसारख्या गावात डॉक्टरला सारेच ओळखतात, म्हणून तो स्वतःच स्वतःची चिकित्सा करतो आणि हाताशी असलेल्या झोपेच्या गोळ्यांचे दुसरे व्यसन जडवून घेतो.

मद्य एकाएकी तोडल्यास पहिल्या दोन दिवसांत आकडी, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत कंप, भ्रम व प्रलाप संभवतात. ही अवस्था घरी सांभाळण्याची नव्हे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. गावात संकोच वाटत असेल तर डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण आहे.

खरा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो थेट आपल्या कपाटाशी येतो. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात मदात्ययावर युक्तीने मद्यच योजले आहे. परंतु त्याच अध्यायात, मद्य सोडलेला मनुष्य एकदम अतिमद्य घेऊ लागला तर ध्वंसक व विक्षय हे कष्टसाध्य विकार होतात, असेही सांगितले आहे. आसवारिष्टांत साधारण ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्य असते. मदात्ययावर सांगितलेले श्रीखंडासवही त्याला अपवाद नाही. अशा रुग्णास, मग तो वैद्य का असेना, आसवारिष्ट देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तो डायसल्फिराम घेत असल्यास चार चमचे अरिष्टानेही चेहरा लाल होणे, वांती, धडधड व रक्तदाब उतरणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात.

त्याऐवजी क्वाथ, चूर्ण, वटी द्यावी. खर्जूरादि मंथ तर याच विकारासाठी आहे, आणि त्यातील वृक्षाम्ल म्हणजे आपले कोकम. ते कोकणात कोणाला शोधावे लागत नाही. मंथ मात्र रोज ताजा करावा. उरलेला आंबू देऊ नये. औषधविक्रेत्यांनी आसवारिष्टाची बाटली देण्यापूर्वी ‘मद्य सोडण्याचे औषध चालू आहे का’ एवढे विचारावे, आणि घेणारा ओळखीचा डॉक्टर असला तरी विचारावे.